किडनी आणि धूम्रपान: या चुका टाळा

सिगारेट म्हटलं की फुप्फुसं आठवतात. 'मला साधा खोकलासुद्धा नाही' असं म्हणून माणूस निर्धास्त होतो, ही पहिली चूक. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो आणि धुरातलं विष त्याच रक्ताबरोबर तिथे पोचतं. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. तंबाखूतलं कॅडमियम तर किडनीतच साठतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. हे सगळं चालू असताना काहीही दुखत नाही, म्हणून तर दुखण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक मला सर्वांत घातक वाटते: रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा आणि किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) नॉर्मल आलं की फाईल मिटवायची. समजा, रिपोर्टमध्ये आकडा 1.1 आहे. 25 वर्षांच्या पुरुषाचा असेल, तर त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते याचा अंदाज, 95 च्या आसपास येतो. 65 वर्षांच्या बाईचा असेल, तर तोच आकडा 56 च्या आसपास नेतो. ईजीएफआर 60 च्या खाली तीन महिने टिकला, तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात. शिवाय किडनीची बरीचशी ताकद गेल्यावरच क्रिएटिनिन चढायला लागतं. म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही तपासून घ्या. लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर 30 मिग्रॅ/ग्रॅमच्या वर आलं, तर गाळणीतून प्रथिनं निसटू लागल्याची शंका घ्यावी, मग ईजीएफआर कितीही चांगला दिसो. मात्र ताप, लघवीतला संसर्ग किंवा नुकताच झालेला जोरदार व्यायाम यांनीही हा आकडा वाढतो. घाबरून जाऊ नका, तपासणी पुन्हा करा. शुगर किंवा बीपी असेल, तर दोन्ही तपासण्या दरवर्षी करायच्याच.

सिगारेट सोडून तंबाखू चघळायला लागणं म्हणजे सुटका नव्हे. निकोटीन आणि कॅडमियम तिच्यातही असतंच. बीपीची गोळी वेळेवर घ्यायची आणि तिच्यापाठोपाठ सिगारेट शिलगवायची, हेही अनेकांचं चालतं. गोळीने जे कमावलं, त्यातलं बरंच धुरात जातं. मधुमेह असलेल्यांनी तर हा खेळ अजिबात खेळू नये, कारण शुगरमुळे आधीच दुखावलेल्या किडनीतून अल्ब्युमिन जाण्याचं प्रमाण धूम्रपानाने आणखी वाढतं.

अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेत राहणं ही आणखी एक सवय. या गोळ्यांमुळे किडनीकडे रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या आवळतात. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना तर त्या हमखास टाळा.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा. पण 'कमी सोडियमचं' मीठ परस्पर सुरू करू नका. त्यात बहुधा पोटॅशियम असतं, आणि कमजोर किडनीला ते बाहेर टाकणं जड जातं. पाण्याचंही तसंच: तहानेपुरतं प्या, बादलीभर पाण्याने किडनी 'धुऊन' निघत नाही.

सिगारेट सोडण्यासाठी औषध घेणार असाल, तर डॉक्टरांना ईजीएफआर दाखवा. व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळीचा डोस किडनी फार कमजोर असेल तर कमी करावा लागतो.