क्रोमचा माल ग्राइंडरला लावण्याआधी

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात प्लास्टिक मोल्डिंगचा गाळा असेल, प्लेटिंगवाल्याकडून परत आलेले क्रोम चढवलेले रिजेक्ट प्लास्टिकचे नॉब, हँडल, गाड्यांचे लोगो कोपऱ्यात साठले असतील आणि ते दळून पुन्हा वापरायचे असतील, तर आधी गोण्या जमिनीवर रिकाम्या करा. निम्मं काम तिथेच होतं. स्क्रू, पितळी इन्सर्ट, स्प्रिंगा वेचून काढा. एक स्टीलचा स्क्रू ब्लेडची वाट लावायला पुरेसा आहे.

मग चकाकी पारखा. तुकडा मोडून कडेला पातळ पत्र्यासारखा थर दिसला, तर ते तांबं-निकेल-क्रोमचं प्लेटिंग. व्हॅक्यूम मेटलायझिंगचा, म्हणजे निर्वात पेटीत वाफेने चढवलेला ॲल्युमिनियमचा मुलामा डोळ्यांना थर म्हणून दिसतच नाही, वर लॅकरही असतं. त्याची गोणी वेगळी.

आतलं प्लास्टिक साधं एबीएस की पीसी-एबीएस (पॉलिकार्बोनेट मिसळलेलं एबीएस), हे ओळखायला लिटरभर पाण्यात 120 ग्रॅम मीठ विरघळवा आणि प्लेटिंग नसलेला तुकडा टाका. साधं एबीएस तरंगतं, पीसी-एबीएस तळाला जातं. तुकड्याला चिकटलेला बुडबुडा बोटाने पुसा, नाहीतर बुडणारा मालही तरंगतो. ही दोन प्लास्टिकं एकत्र दळू नका.

मोठ्या प्लांटमध्ये उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनने माल गोठवतात. थंडीत प्लास्टिक धातूपेक्षा कितीतरी जास्त आकसतं आणि थर सुटतो. छोट्या गाळ्याला हा खर्च सहसा झेपत नाही. तिथे दोनदा दळणं बरं, आधी मोठ्या भोकाच्या जाळीतून, मग बारीक. मास्क आणि हातमोजे हवेतच, निकेलची धूळ वाईट. पुढे जोरदार मॅग्नेट: निकेल ओढलं जातं, नुसती तांब्याची चकती मात्र निसटते. तिच्यासाठी पुन्हा तेच मिठाचं पाणी, एबीएस तरंगतं आणि धातू तळाशी बसतो; पीसी-एबीएसला ही युक्ती चालत नाही, ते स्वतःच बुडतं. नंतर साध्या पाण्याने धुवा. मॅग्नेटला धातूसकट आलेलं प्लास्टिक पुन्हा ग्राइंडरमध्ये.

ॲसिडने थर उतरवायचा मोह टाळा. त्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते आणि वापरलेलं ॲसिड घातक कचऱ्यात मोडतं. नाल्यात सोडायचा तर विचारही नको.

दळलेला एबीएसचा दाणा 80 अंशांवर दोन ते चार तास सुकवा, पावसाळ्यात हात आखडू नका. पहिला लॉट आतल्या काळ्या पार्टसाठीच घ्या, तोही साध्या रनरच्या (प्लास्टिक साच्यात नेणारी वाट न तापवलेल्या) साच्यात. हॉट रनरच्या, म्हणजे ही वाट गरम ठेवणाऱ्या साच्याच्या, नोझलमध्ये धातूचा कण अडकला की मशीन उभी.