सामूहिक वनहक्काचा दावा : किनवट-माहूरच्या गावांसाठी

2006 च्या वनहक्क कायद्याच्या नावातच ‘मान्यता’ हा शब्द आहे, म्हणजे हक्क आधीपासूनचा आहे आणि कायदा तो फक्त मान्य करतो. त्यामुळे दाव्यात जंगल मिळावे अशी विनंती करू नये. कोणत्या हद्दीत गाव पूर्वापार मोहफुले वेचते, गुरे चारते, देवस्थान राखते, ते लिहावे. अर्जाच्या तीन नमुन्यांपैकी पहिला वैयक्तिक जमिनीचा, दुसरा सामूहिक वापराचा आणि तिसरा जंगलाच्या संरक्षण-व्यवस्थापनाच्या हक्काचा आहे. गावे बहुधा पहिल्यावरच थांबतात. माझ्या मते खरे महत्त्व तिसऱ्याचे आहे.

आरंभ ग्रामसभेने करावा. निम्मे सदस्य हजर असावेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात आणि 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडली जावी.

सर्वांत जास्त वेळ हद्दीला द्यावा. ओढे, टेकड्या, पाणवठे, जुनी स्मशाने अशा खुणा गुराखी आणि वडीलधाऱ्यांसोबत चालत जाऊन नकाशावर घ्याव्यात व शेजारच्या गावाला आधीच बोलवावे, कारण दोन गावांच्या हद्दी एकमेकींवर आल्या तर दोन्ही समित्यांना एकत्र बसावेच लागते. दाव्याच्या जागेवरील पडताळणीची सूचना वन व महसूल विभागांना लेखी द्यावी.

पुरावे एकाहून अधिक लागतात. हे तालुके ज्यात येतात तो मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने जुनी कागदपत्रे अनेकदा उर्दूत सापडतात. ती वाचणारा जाणकार आधी गाठावा आणि 1954-55 च्या खासरा पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) नक्कलही काढावी. कागद नसल्यास वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब चालतात, आणि केवळ उपग्रह छायाचित्राचा आग्रह उपविभागीय वा जिल्हा समितीला धरता येत नाही.

गोंड, कोलाम, आंध या अनुसूचित जमातींना 75 वर्षांच्या वास्तव्याची अट नाही. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत असला तरी महाराष्ट्रात नाही. म्हणून तांड्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ही अट वास्तव्याची आहे, विशिष्ट जमिनीच्या ताब्याची नव्हे, हे सुनावणीत ठामपणे मांडावे.

ग्रामसभेच्या ठरावासह दावा उपविभागीय समितीकडे देऊन पोच घ्यावी. दाव्यावर निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे 60 दिवसांत दाद मागता येते. म्हणून नकाराची कारणे लेखीच मागावीत आणि निर्णय हाती पडल्याची तारीख त्याच कागदावर टिपून ठेवावी.