बोर्ड घ्यायची घाई नको: एआरएम आणि रिस्क-फाइव्हवर स्वस्तात सुरुवात

एआरएम किंवा रिस्क-फाइव्ह या इंटेलपेक्षा वेगळ्या प्रोसेसरसाठी कोड लिहायचा म्हटलं की नवीन मंडळी आधी विचारतात, बोर्ड (तो प्रोसेसर असलेला छोटा कॉम्प्युटर) कुठला घेऊ? माझं उत्तर ठरलेलं: एवढ्यात कुठलाच नको. आहे त्या लॅपटॉपवर लिनक्स, क्रॉस-कंपायलर (दुसऱ्या प्रोसेसरसाठी प्रोग्राम बनवणारा) आणि क्यूईएमयू (त्या प्रोसेसरची नक्कल करून प्रोग्राम चालवणारा) टाका. पोर्टिंगचे, म्हणजे कोड दुसऱ्या प्रोसेसरवर नेतानाचे, बरेचसे बग तिथेच सापडतात. उदाहरणार्थ, सी भाषेत एकेक अक्षर वाचणाऱ्या गेटचारचं उत्तर कॅरेक्टर टाइपमध्ये ठेवून ईओएफशी (इनपुट संपल्याची खूण, -१) ताडून बघणारा लूप. इंटेलच्या लिनक्सवर हा टाइप साइन्ड (ऋण आकडेही घेणारा), एआरएम आणि रिस्क-फाइव्हवर अनसाइन्ड (ऋण आकडे न घेणारा). तिथे -१ चे २५५ होतात आणि लूप संपायचं नाव घेत नाही. हे क्यूईएमयूतही हुबेहूब दिसतं, फुकटात.

बोर्ड लागतो तो वेग मोजायला आणि त्याहून जास्त थ्रेड्ससाठी (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं). एका थ्रेडने डेटा लिहून फ्लॅग (डेटा तयार असल्याची खूण) लावला, दुसऱ्याने फ्लॅग बघून डेटा वाचला. कंपायलरने क्रम बदलला नाही, तर इंटेलवर हे निभावून जातं, कारण तो प्रोसेसर लेखनाचा क्रम पाळतो. एआरएम तशी हमी देत नाही. रिलीज-अक्वायर (क्रम पाळायला लावणाऱ्या सूचना) लिहिलं नसेल तर फ्लॅग नवा पण डेटा जुना, असं हाती येऊ शकतं. इंटेलवरच्या क्यूईएमयूत हे बहुधा कधीच दिसणार नाही. त्यासाठी आउट-ऑफ-ऑर्डर (सूचनांचा क्रम स्वतः बदलणारा) कोअर हवा: रास्पबेरी पाय ४ मधला कॉर्टेक्स-ए७२ किंवा पाय ५ मधला ए७६. पाय ३ चा ए५३ इन-ऑर्डर, त्यात असा बग सहज लपतो. पाय ५ चा नेहमीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) १६ केबीची पेजेस (मेमरीचे तुकडे) वापरतो, म्हणून ४ केबी गृहीत धरलेला कोडही तिथे लगेच उघडा पडतो. मला तर हा बोनसच वाटतो.

रिस्क-फाइव्हसाठी व्हिजनफाइव्ह २ हा बोर्ड बरा. चार यू७४ कोअर, पण व्हेक्टर एक्स्टेन्शन (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम करायची सोय) नाही. तेच शिकायचं असेल तर पुन्हा क्यूईएमयू.

कुठलाही बोर्ड घेताना गिगाहर्ट्झ नंतर बघा, आधी मूळ लिनक्स कर्नलमध्ये त्याचा सपोर्ट आहे का ते तपासा. माझ्याकडच्या एका बोर्डवर कंपनीने दिलेल्या जुन्या इमेजशिवाय (सिस्टमची तयार प्रत) काहीच बूट होत नाही. तो सध्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. डेबियन या लिनक्स डिस्ट्रोने २०२५ मध्ये १३ व्या आवृत्तीत रिस्क-फाइव्हला अधिकृत स्थान दिलं, त्यामुळे पॅकेजेसची चिंता बरीच मिटली.

रॅम ४ जीबीच्या खाली नको, मोठ्या सी प्लस प्लस प्रोजेक्टचं लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडणं) ती गिळून टाकतं. मी बिल्ड लॅपटॉपवरच करतो, बोर्डवर फक्त टेस्ट. सोबत ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरियल केबल घ्याच (एका बाजूची पाठवायची पिन टीएक्स, दुसऱ्या बाजूच्या घ्यायच्या पिनला, आरएक्सला जोडायची, उलटसुलट). बूट अडकलं की स्क्रीन काळी असते, पण सिरियलवर कर्नलची शेवटची ओळ दिसते.

बिग-एंडियनवर (आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या प्रोसेसरवर) कोड तपासायचा असेल तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) चालणारा, ॲथेरॉस चिपचा जुना मिप्स प्रोसेसरचा राउटर पुरतो. आणि तुमचं काम मुक्त सॉफ्टवेअरचं असेल तर जीसीसी कंपाइल फार्मवर अकाउंट मागा. वेगवेगळ्या आर्किटेक्चरची खरी मशीन्स एसएसएचवरून (दुरून लॉगिन करून) मोफत वापरता येतात.