गुलाबाची ऑक्टोबर छाटणी आणि फुलदाणीसाठी फुलांची तोडणी

राज्यातून मॉन्सून साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो. त्यानंतर आभाळ निवळून जमीन वाफशावर (चिखल न होता मशागत करता येईल इतपत ओलीवर) आली की उघड्यावरील गुलाबाची वार्षिक छाटणी करावी. ग्लॅडिएटरसारख्या जातींना छाटणीपासून सुमारे ४५ ते ५० दिवसांत फुले येऊ लागतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात छाटलेली झाडे मार्गशीर्ष आणि लग्नसराईला फुलांवर येतात. लवकर भाव मिळेल या आशेने पाऊस चालू असतानाच छाटणी उरकणे मात्र टाळावे, कारण ओल्या हवेत ताज्या कापातून बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून खाली वाळत जाते.

भारी जमिनीत छाटणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी तोडून झाडाला ताण द्यावा. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि कुंड्यांत इतका ताण सोसत नाही, तेथे पाणी फक्त कमी करावे. छाटणी करताना प्रथम वाळलेल्या, रोगट, काडीसारख्या बारीक आणि झुडपाच्या मध्यभागी एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्यात. मोठ्या फुलांच्या जातींत चार ते सहा जोमदार फांद्या राखून त्या जमिनीपासून ३० ते ४५ सें.मी. उंचीवर छाटाव्यात. झुपक्याने फुलणाऱ्या जातींची छाटणी याहून हलकी ठेवावी, वेली गुलाबाचे मुख्य वेल न तोडता केवळ बगलफुटी आखूड कराव्यात आणि वर्षाच्या आतील रोपांना खोल छाटणी देऊच नये. डोळा भरलेल्या (कलम केलेल्या) जागेच्या खालून निघालेली खुंटाची (कलमाखालच्या मूळ झाडाची) फूट वरून कापल्यास पुन्हा जोमाने वाढते, म्हणून माती बाजूला करून ती उगमापासून ओढून काढावी.

प्रत्येक काप बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या (नवी फूट निघते त्या कोंबाच्या) वर अर्धा सें.मी. अंतरावर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूस उतरता असा घ्यावा. कापलेला गाभा पाहण्याची सवय ठेवावी: तो पांढरा किंवा फिकट हिरवा असेल तर काप योग्य जागी आहे, तपकिरी असेल तर पांढरा गाभा लागेपर्यंत आणखी खाली यावे, मग फांदी कितीही आखूड राहिली तरी चालेल. बोथट सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) साल चिरडते, तेव्हा धार आधी लावून घ्यावी आणि रोगट झाडानंतर पाती स्पिरिटने पुसावीत. त्याच दिवशी कापांना बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावावी. ती बनवण्यासाठी थोड्या झाडांना १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात कालवून नंतर एकत्र करावा. मिश्रणात बुडवलेल्या लोखंडी पात्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला आहे असे समजून तो थोडा वाढवावा.

छाटणीनंतर आळ्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळून पाणी सुरू करावे. नवी फूट लुसलुशीत असताना युरियाचा मारा केल्यास थंडी सुरू होताच भुरी (पानांवर पांढरी भुकटी पसरवणारा बुरशीरोग) बळावते. भुरीची पहिली लक्षणे दिसताच ८० टक्के पाण्यात विरघळणारे गंधक १० लिटर पाण्यात २० ग्रॅम या प्रमाणात, ऊन तापण्यापूर्वी फवारावे.

फुले येऊ लागल्यावर केलेली प्रत्येक तोडणी ही लहानशी छाटणीच असते आणि बहुतेक बागा बिघडतात त्या येथे. फुलदाणीसाठी किंवा गड्डीसाठी लांब दांडा हवा म्हणून फूट बुंध्यापर्यंत तोडली, तर झाडाकडे अन्न तयार करणारी पानेच उरत नाहीत आणि पुढची फुले बारीक व उशिरा येतात. म्हणून फुटीवर पाच पर्णिकांची किमान दोन पाने राखून त्यांच्या वर काप घ्यावा; नव्या किंवा अशक्त झाडाचा दांडा आखूड राहिला तरी हरकत नाही. हिरवी निदले (कळीभोवतीची हिरवी पानासारखी दले) खाली वळून बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागल्या की भल्या पहाटे किंवा सूर्यास्तानंतर फूल तोडावे. अगदी घट्ट कळी तोडल्यास ती अनेकदा उमलतच नाही. शेतातच स्वच्छ पाण्याची बादली जवळ ठेवून दांडे लगेच त्यात बुडवावेत.

घरी आणल्यावर पाण्याखाली धरून दांड्याचे टोक दोन सें.मी. तिरके कापावे, म्हणजे आत हवा शिरत नाही, आणि पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, कारण ती कुजून पाण्यात जिवाणू वाढतात व दांडा तुंबतो. पाणी एक दिवसाआड बदलावे आणि फुलदाणी केळी, आंबे यांसारख्या पिकणाऱ्या फळांपासून दूर ठेवावी. नुसती साखर घातल्यास जिवाणूंनाच खाद्य मिळते. कळीने मान टाकली तर दांडा पुन्हा कापून, कळीच्या मानेपर्यंत कोमट पाण्यात तासभर उभा ठेवून पाहावा. बरीच फुले सावरतात.

फेब्रुवारीच्या मध्याला फुले हवी असणाऱ्यांनी डिसेंबरच्या उत्तरार्धात हलकी छाटणी घ्यावी. नाशिकसारख्या कडक थंडीच्या भागात कळी धरण्यास जास्त दिवस लागतात, तेथे ती आठवडाभर आधी उरकावी.