यूएईत 'दोनच पेग' घेऊन स्टिअरिंग धरू नका: या चुका टाळा

आखातात आलेल्या आपल्या माणसाची पहिली चूक हिशेबाची असते. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५मध्ये १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे. त्यामुळे 'एका बिअरने काही होत नाही' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. संयुक्त अरब अमिरातीत अशी सूटच नाही. तुम्ही बिगरमुस्लिम आहात, वय २१च्या पुढे आहे, परवाना असलेल्या हॉटेलात बसून रीतसर बिल भरून प्यायलात, तर ते पिणं कायदेशीर. पण त्यानंतर गाडी चालवणं हा गुन्हा. या दोन गोष्टींची गल्लत बरेच जण करतात आणि पोलिसांना बिल दाखवत बसतात. त्या बिलाचा इथे काही उपयोग नसतो.

नवा संघीय वाहतूक कायदा २९ मार्च २०२५पासून लागू झाला. त्यात दारू पिऊन गाडी चालवल्यास कैद आणि २०,००० ते १,००,००० दिरहम दंड, किंवा यांपैकी एक शिक्षा आहे. म्हणजे किमान दंडच साडेचार लाख रुपयांच्या पुढे जातो. लायसन्स पहिल्या वेळी किमान तीन महिने, दुसऱ्या वेळी सहा महिने निलंबित होतं आणि तिसऱ्या वेळी रद्द होतं. २०१७च्या दंडतक्त्यात याच गुन्ह्याला २३ ब्लॅक पॉइंट (लायसन्सवर जमा होणारे दंडगुण) आणि ६० दिवस गाडी जप्त, असं लिहिलेलं आहे. २४ पॉइंटला लायसन्स जातं. म्हणजे एका रात्रीत तुम्ही काठावर येता.

सकाळची गाडी

रात्री टॅक्सीने घरी येणारा शहाणा माणूस सकाळी सातला ड्युटीसाठी स्वतःची गाडी काढतो आणि तिथेच फसतो. ६० मिलिलिटरच्या एका लार्जमध्ये, दारू ४० टक्क्यांची असेल तर, साधारण १९ ग्रॅम अल्कोहोल असतं. ३३० मिलिलिटरच्या पाच टक्के बिअरमध्ये १३ ग्रॅम. शरीर तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी झोप उडते, पण हा वेग वाढत नाही. चार लार्ज म्हणजे ७६ ग्रॅम, म्हणजे आठ ते अकरा तास. शेवटच्या ग्लासपासून मोजा. रात्री एकला ग्लास खाली ठेवला असेल तर दुपारी बारापर्यंत चावीला हात लावू नका. कंपनीची गाडी चालवणाऱ्यांनी तर ड्युटीच्या आदल्या रात्री पिऊच नये. कामाच्या वेळेत नशेत सापडलेल्याला नोटीस न देता काढून टाकण्याची मुभा कामगार कायदा मालकाला देतो.

शनिवारचे ब्रंच, म्हणजे हॉटेलातली लांबलेली दुपारची जेवणं, याहून फसवे. तीन-चार तास ग्लास भरत राहतो, मोजदाद सुटते, आणि बाहेर पडल्यावर लख्ख ऊन असतं. दिवसाउजेडी आपण प्यायलेलो आहोत हे मनाला पटत नाही. गाडी घेऊन जायची की नाही, हे घरातून निघतानाच ठरवा. पार्किंगमध्ये गाडी असली की दोन ग्लासांनंतर ती चालवायचा मोह होतोच.

गाडीत झोपणं

'चालवत नाही, जरा डुलकी काढतो' म्हणून ड्रायव्हर सीटवर बसायचं, उकाडा म्हणून एसीसाठी इंजिन चालू करायचं. ही सर्रास दिसणारी चूक आहे. कायद्यात गाडी चालवणं आणि चालवण्याचा प्रयत्न करणं, दोन्ही येतात. स्टिअरिंगमागे, चालू इंजिनात सापडलेल्या माणसाला आपला हेतू झोपेचा होता हे पटवून देणं फार अवघड जातं. गाडी कुलूप लावून तिथेच सोडा. पार्किंगचा दंड परवडतो.

डिकीतली बाटली आणि शारजा

दुबईचं अल नाहदा आणि शारजाचं अल नाहदा एकमेकांना चिकटून आहेत. भाडं कमी म्हणून शारजात राहून दुबईत नोकरी करणारे असंख्य मराठी लोक आहेत. दुबईत दारूची दुकानं आहेत, शारजात दारूवर बंदी आहे. उम्म अल कुवेन किंवा अजमानहून बाटल्या घेऊन दुबईला येतानाही रस्ता शारजातूनच जातो. वाटेत साधी धडक झाली, पोलिसांनी डिकी उघडली, की तुम्ही थेंबभर प्यायलेले नसलात तरी दुसरं प्रकरण उभं राहतं. दुबईचा दारूचा परवाना शारजात दाखवून उपयोग नाही. सौदी आणि कुवेतमध्ये तर दारूच निषिद्ध आहे. बहारीनमध्ये सुट्टीचे शुक्रवार-शनिवार घालवून किंग फहद कॉजवेवरून, म्हणजे समुद्रावरच्या पुलावरून, सौदीत परतणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

औषधं

गावाहून आईने दिलेलं द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं; बाटलीवर तसं छापलेलंही असतं. गाडी चालवायच्या आधी ते घेऊ नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉल ही त्याहून गंभीर बाब. ही नियंत्रित औषधं आहेत. ती आणायची तर आरोग्य मंत्रालयाची पूर्वपरवानगी आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. अमली पदार्थाच्या अमलाखाली गाडी चालवण्याचा दंड ३०,००० ते २,००,००० दिरहम आहे.

धडक झाल्यावर

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. प्यायलेला माणूस घाबरतो आणि निघून जातो. जखमी माणसाला सोडून पळालात तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते १,००,००० दिरहम दंड, किंवा यांपैकी एक. दारूचा गुन्हा राहतोच. गाडी बाजूला घ्या, ९९९ला फोन करा, थांबा. पोलिसांचा रिपोर्ट नसेल तर गॅरेजवाले पत्र्याला हात लावत नाहीत.

आणि 'फुल इन्शुरन्स आहे' या भरवशावर राहू नका. चालक नशेत होता हे सिद्ध झालं की तुमच्या गाडीची भरपाई मिळत नाही. समोरच्याला दिलेले पैसे कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते. कोणी दगावलं तर दियाची, म्हणजे मृताच्या वारसांना द्यायच्या भरपाईची, रक्कम २,००,००० दिरहम आहे. नशेत गाडी चालवून मृत्यू घडवल्यास किमान एक वर्ष कैद आणि किमान १,००,००० दिरहम दंड, किंवा यांपैकी एक. मित्राला वाचवायला 'गाडी मीच चालवत होतो' असं सांगू नका. कॅमेरे सगळीकडे आहेत आणि खोटा जबाब हा वेगळा गुन्हा आहे.

ठाण्यात

जबाब अरबीत लिहिला जातो. समजल्याशिवाय सही करू नका. दुभाषी मागा, वाचून घ्या, किती प्यायलो आणि कधी प्यायलो हे नेमकं तसंच लिहिलंय का ते पाहा. वाद घालू नका, पैसे देऊ करू नका. लाच हा स्वतंत्र गुन्हा. जामिनासाठी पासपोर्ट जमा करून घेतला जाऊ शकतो, म्हणून तिकीट काढलेलं असेल तर वकिलाला लगेच सांगा. देशाबाहेर जायला बंदी आहे का, हे विमानतळावर जाण्याआधी तपासून घ्या. शिक्षा झाली तर परदेशी माणसाला हद्दपार करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. कायदेशीर सल्ल्यासाठी भारतीय दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. टोल-फ्री क्रमांक ८००४६३४२.

लायसन्स निलंबित असताना खिशातलं भारतीय लायसन्स काढून गाडी चालवायचा विचार करू नका. रहिवासी व्हिसावर असलेल्याला इथलंच लायसन्स लागतं. निलंबनाच्या काळात गाडी चालवताना सापडलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद आणि किमान १०,००० दिरहम दंड, किंवा यांपैकी एक.