घन पदार्थाची ऑक्सिडायझर चाचणी: या चुका टाळा

सेफ्टी डेटा शीट म्हणजे रसायनासोबत येणारं सुरक्षा-माहितीपत्रक. त्याच्या नवव्या विभागात ‘ऑक्सिडायझिंग गुणधर्म’, म्हणजे दुसऱ्या वस्तू पेटायला किंवा जोरात जळायला मदत करण्याचा गुण, अशी एक ओळ असते. तिथे ‘नाही’ लिहिलं की पोती लाकडी पॅलेटवर, खोक्यांच्या शेजारी बिनदिक्कत जाऊन बसतात. ‘आहे’ लिहिलं की वाहतुकीतला ऑक्सिडायझरांचा वर्ग ५.१, पिवळं लेबल, गोदामात वेगळी जागा. इतकं सगळं ज्या एका ओळीवर ठरतं, तिच्यामागची चाचणी मात्र अनेक ठिकाणी उरकून टाकली जाते.

घन पदार्थांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी पुस्तिकेतली ओ.१ ही पद्धत सर्रास वापरतात. पदार्थ कोरड्या सेल्युलोजच्या भुकटीत वजनाने ४:१ आणि १:१ अशा दोन प्रमाणांत मिसळायचा. ३० ग्रॅम मिश्रणाचा ७० मिलिमीटर तळाचा शंकू उष्णतारोधक पाटीवर, तारेच्या वेटोळ्यावर घालायचा, तार तापवायची आणि जळायला किती वेळ लागतो ते मोजायचं. प्रत्येक मिश्रण पाच वेळा. हेच सगळं पोटॅशियम ब्रोमेट आणि सेल्युलोजच्या ३:७, २:३ आणि ३:२ या संदर्भ मिश्रणांवरही करायचं. सॅम्पलचं कुठलंही मिश्रण सरासरीने ३:७ संदर्भ मिश्रणाइतक्या वेळात किंवा त्याआधी जळालं तर पदार्थ वर्ग ५.१ मध्ये, पॅकिंग गट ३ (सर्वांत कमी धोक्याचा; गट १ सर्वांत जास्त). वेळ २:३ इतका किंवा कमी असेल तर गट २, आणि ३:२ पेक्षाही कमी असेल तर गट १.

म्हणजे सगळा भार तुलनेवर आहे. सॅम्पल आणि संदर्भ मिश्रण यांच्यात त्या पदार्थाखेरीज दुसरा कसलाही फरक राहिला, तर आलेलं उत्तर त्या फरकाचं असतं. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

संदर्भाचे आकडे पुस्तकातून उचलणं

पुस्तिकेत नमुन्यादाखल ब्रोमेटचे वेळ दिलेत: ३:७ साठी सुमारे १०० सेकंद, २:३ साठी ५४, ३:२ साठी ४. ते आपलं काम ठीक चाललंय का हे ताडून पाहायला आहेत. आपल्या फ्यूम हूडचा (धूर ओढून घेणाऱ्या कपाटाचा) वारा, आपली तार आणि आपलं सेल्युलोज यांवर मिळालेले ९० सेकंद दुसऱ्या कुणाच्या १०० शेजारी ठेवून निकाल देता येत नाही. संदर्भ मिश्रणं स्वतः, त्याच सेल्युलोजच्या डब्यातून, त्याच दिवसांत जाळा. ब्रोमेट महाग पडतं म्हणून ही पायरी गाळणारे लोक आहेत. मग चाचणीलाच काही अर्थ उरत नाही.

ओलावा

कोकणपट्टीतल्या प्रयोगशाळेत जुलै महिन्यात ही चाचणी करून पाहा, म्हणजे मी यावर इतका का अडून बसतो ते कळेल. सेल्युलोज हवेतला ओलावा भराभर ओढतं. ते २५ मिलिमीटरपेक्षा जाड थर न लावता १०५ अंशांवर चार तास वाळवायचं, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारी सिलिका ठेवलेल्या बंद भांड्यात) गार करायचं, आणि पाण्याचं प्रमाण कोरड्या वजनाच्या ०.५ टक्क्याखाली आहे याची खात्री करूनच वापरायचं. ब्रोमेट ६५ अंशांवर किमान बारा तास. ‘सकाळी वाळवलं होतं’ या भरवशावर संध्याकाळी उघड्या डब्यातलं सेल्युलोज घेऊ नका. डेसिकेटरमधली निळी सिलिका ओलाव्याने गुलाबी झालेली असेल तर आधी ती बदला.

कालपर्यंत ठीक जळणारं ३:७ मिश्रण आज फारच रेंगाळतंय? पहिला संशय ओलाव्यावर घ्या. यातली खरी धोक्याची बाजू लक्षात ठेवा: संदर्भ कोरडा आणि सॅम्पलचं मिश्रण ओलसर असेल, तर खराखुरा ऑक्सिडायझर ‘नाही’ म्हणून सुटतो.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे सॅम्पलही सेल्युलोजबरोबर ओव्हनमध्ये टाकणं. पदार्थ ज्या रूपात वाहतुकीला जाणार, त्या रूपातच तपासायचा. सोडियम परकार्बोनेट भट्टीत ठेवलंत तर त्यातला सक्रिय ऑक्सिजन घटतो आणि तुम्ही भलत्याच पदार्थाची चाचणी करता.

तार तापते, पण किती?

तारेत १५० वॅट (कमीजास्त ७) खर्च व्हायला हवेत. तार लाल झाली म्हणजे झालं असं नाही. समजा तारेचा रोध १.८ ओहम आहे. १५० वॅटसाठी साधारण १६.४ व्होल्ट आणि ९.१ अँपिअर लागतील. आता क्लिप गंजल्या आहेत, वायरी लांब आहेत, आणि त्यांचा मिळून ०.२ ओहम रोध वाढला. पॉवर सप्लायवर १६.४ व्होल्टच दिसतात, पण प्रवाह ८.२ अँपिअरवर येतो आणि तारेत उरतात जेमतेम १२१ वॅट. डिस्प्लेवर कुठेही गडबड दिसत नाही! म्हणून व्होल्टेज तारेच्या दोन टोकांवरच मोजा, आणि क्लिप घासून ठेवा.

मिश्रण पेटलं की लगेच स्विच बंद करायची सवयही सोडा. जळणं संपेपर्यंत वीज चालू राहते. पेटलंच नाही तर तीन मिनिटं. मध्येच तार तुटली तर ती फेरी पुन्हा करा, तुटण्याने निकालात फरक पडला नाही हे उघड असेल तरच सोडा.

घड्याळ

ज्वाळा दिसल्यावर नव्हे, वीज सुरू केल्याक्षणी वेळ सुरू. संपतो मुख्य ज्वलन थांबल्यावर. नंतर कडेला उडणाऱ्या ठिणग्या किंवा तडतड त्यात धरत नाहीत. ज्वाळा विझली तरी आत निखारा धुमसत असेल तर मात्र ते ज्वलनच आहे. दोन माणसं दोन वेगवेगळ्या क्षणी घड्याळ थांबवत असतील तर व्हिडिओ काढून ठेवा, वाद मिटतात.

कणांचा आकार

दाणेदार माल आला की ‘जसा आहे तसा’ मिसळून मोकळं होऊ नका. त्यात ५०० मायक्रॉनपेक्षा बारीक भुकटी वजनाने १० टक्क्यांहून जास्त असेल, किंवा दाणे सहज फुटत असतील, तर सगळं सॅम्पल बारीक करूनच तपासायचं. बारीक करायचं ते एकट्या पदार्थाला, सेल्युलोज घालण्याआधी, आणि तेही तो घर्षणाला संवेदनशील नाही हे पाहून. ऑक्सिडायझर आणि सेल्युलोज एकत्र खलबत्त्यात घोटणं ही या कामातली सर्वांत भयंकर चूक आहे. क्लोरेटसारखा पदार्थ असेल तर हात जाईल. मिश्रण हलक्या हाताने, एका वेळी एका फेरीपुरतंच करा आणि लगेच वापरा. रेणूत स्फोटक गट असल्याची शंका असेल तर आधी स्फोटकतेची छाननी, मग ही चाचणी.

आयोडाइड कागदावर विसंबणं

स्टार्च-आयोडाइड कागद निळा झाला म्हणून ऑक्सिडायझर ठरवणारे भेटतात. फेरिक क्लोराइड तो कागद निळा करतं, पण वाहतुकीत त्याची जागा क्षरणकारक पदार्थांच्या वर्ग ८ मध्ये आहे. उलट पोटॅशियम नायट्रेटच्या उदासीन द्रावणाने कागदाला काही होत नाही, आणि ते मात्र वर्ग ५.१ मध्ये आहे.

अमोनियम नायट्रेटवर आधारलेल्या खतांचं वर्गीकरण ओ.१ ने करायचं नसतं, त्यांच्यासाठी पुस्तिकेत स्वतंत्र प्रक्रिया आहे. आणि एखाद्या पदार्थाचा आजवरचा अनुभव चाचणीच्या निकालाशी जुळत नसेल, तर अनुभवाला वजन द्यायचं असं नियमच सांगतात. निकाल ‘नाही’ आला म्हणून जुनी आगीची नोंद फाइलमधून काढू नका.

शेवटी ब्रोमेटबद्दल. ते कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे. आपल्याकडे २०१६ मध्ये खाद्यपदार्थांतून त्याला याच चिंतेने बाहेर काढलं. जमत असेल तर त्याच पुस्तिकेतल्या ओ.३ पद्धतीकडे वळा: तिथे संदर्भाला कॅल्शियम पेरॉक्साइड असतं आणि तराजूवर वजन घटण्याचा वेग मोजतात, त्यामुळे घड्याळ थांबवण्याचा वादही जातो. ओ.१ च करणार असाल तर हातमोजे आणि मास्क घाला, आणि उरलेलं मिश्रण कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. ते भरपूर पाण्यात भिजवून घातक कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात द्या, बेसिनमध्ये ओतू नका.