कपाळावरील बारीक पुरळ आणि आयसोप्रोपिल मायरिस्टेट : माझा अनुभव

लातूरच्या कोरड्या थंडीत मी नवे क्रीम लावू लागलो आणि तीन आठवड्यांत कपाळावर व गालांवर त्वचेच्याच रंगाचे बारीक, न खाजणारे, पू नसलेले दाणे उठले, जे तिरप्या उजेडातच दिसत. फेसवॉश बदलला, मुलतानी माती लावली, बोअरच्या जड पाण्यावर संशय घेऊन जाराच्या पाण्याने चेहरा धुतला, फरक शून्य. या खटाटोपात चार महिने गेले, याचा संताप आहेच.

शेवटी ट्यूबमागील बारीक अक्षरे वाचली. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात आणि तिसरे नाव आयसोप्रोपिल मायरिस्टेट होते. मायरिस्टिक या मेदाम्लापासून बनणारे हे एस्टर (आम्ल व अल्कोहोल यांचे संयुग) क्रीमला निसरडा, न चिकटणारा स्पर्श देते, मात्र सशाच्या कानावरील जुन्या चाचण्यांत ते रंध्रे बुजवणारे ठरले होते. (सशाचा कान म्हणजे माणसाचा गाल नव्हे, सर्वांनाच ते बाधेल असे नाही.) पुढच्या बाजूस ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे रंध्रे न बुजवणारे) असे ठळक छापलेले होतेच.

प्रथम फक्त ते क्रीम बंद केले, बाकी काही बदलले नाही. मग दोन आठवडे सौम्य फेसवॉश आणि ओलसर चेहऱ्यावर ग्लिसरीनयुक्त, तेलविरहित जेल, एवढेच ठेवले. ते जेलही आधी कानाजवळ जबड्याच्या कडेला आठवडाभर लावून पाहिले होते. त्यानंतर त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने एक दिवसाआड रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढे ०.१ टक्का अडापॅलीन (मुरुमांवर लावायचे औषध) संपूर्ण कपाळावर व गालांवर पसरवले. नवे दाणे तिसऱ्या आठवड्यात थांबले, तर जुने जायला दहा आठवडे लागले.